बॅटरी परत जोडली आणि गाडीने सोसायटी डोक्यावर घेतली

मुक्काम_डोंबिवली | बुधवार, रात्री १०:५२

मंडळी, तातडीने मदत हवी आहे. थोडं लांबण लावतो, कारण तपशील तुम्ही विचारणारच.

गाडी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक. मी २०१८ साली सेकंडहँड घेतली. कंपनीचा अलार्म नाही, आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला आहे. त्याचं पुस्तक मिळालं नाही, रिमोटही एकच मिळाला. गणपतीला चिपळूणला गेलो ते रेल्वेने, त्यामुळे गाडी ११ दिवस पार्किंगमध्ये उभी. सोमवारी रात्री परत आलो तर गाडी ठार. रिमोट चालेना. किल्लीने दार उघडलं, सेल्फ मारला तर टक्क असा आवाजसुद्धा नाही.

काल बॅटरी काढून नाक्यावरच्या बॅटरीवाल्याकडे चार्जिंगला दिली. आज संध्याकाळी आणली, साडेनऊला बसवायला घेतली. प्लस घट्ट केला. मायनसचा क्लॅम्प नुसता टेकवला, एक ठिणगी उडाली आणि सायरन सुरू! आमचा सायरन सहा चालींत वाजतो, अँब्युलन्सपासून ते कोंबड्याला झटका बसावा तशा आवाजापर्यंत. सहाही चाली लोकांनी ऐकल्या. रिमोट दाबून दाबून अंगठा दुखला. शेवटी मायनस ओढून काढला तेव्हा शांतता झाली. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आणि सेक्रेटरी काका लिफ्टमध्ये.

नंतर अजून दोनदा प्रयत्न केला, तेच. आता सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावाने संदेश पडतायत. शुक्रवारी सकाळी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे. काय करू?

---

खवचट_खान्देशी | रात्री ११:०४

आधी काकूंना मोदक पाठवा, मग बाकीचं बघू. (हलके घ्या.)

गंमत बाजूला. आवाज हॉर्नचा येतो की वेगळ्या भोंग्याचा? आणि डॅशबोर्डवर कुठे बारीक लाल दिवा लुकलुकतो का?

---

मुक्काम_डोंबिवली | रात्री ११:०९

भोंगा वेगळा आहे, बॅटरीच्या मागे काळा कर्णा. लाल दिवा आहे, काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला. सायरन वाजताना भराभर लुकलुकत होता.

---

रंकाळ्यावरचा | रात्री ११:१५

त्यात काय एवढं? भोंग्याच्या दोन वायरी येतात, त्यातली एक कापा आणि निवांत झोपा. माझ्या गाडीला मी हेच केलंय, चार वर्षं झाली. कोण चोरतंय गड्या २०१२ची गाडी!

---

जुना_वायरमन | रात्री ११:३८

रंकाळेकर, वायर कापली की भोंगा गप्प होतो, अलार्म नाही. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच अलार्ममध्ये स्टार्टरच्या किंवा इग्निशनच्या वायरीत एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, घातलेला असतो. भोंगा मुका झाला तरी अलार्मच्या डब्याच्या (कंट्रोल युनिटच्या) लेखी चोरी चालूच, म्हणून तो रिले उघडा ठेवून तिथली वीज तोडतो. मग माणूस म्हणतो बॅटरी नवी घातली तरी सेल्फ लागत नाही, आणि स्टार्टर उतरवायला निघतो. मी २२ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, असे निदान अर्धा डझन स्टार्टर विनाकारण उतरलेले पाहिलेत.

डोंबिवलीकर, घाबरू नका. गाडी बिघडलेली नाही, गैरसमजात आहे.

वीज जायच्या आधी अलार्मच्या डब्याला शेवटचं काय ठाऊक होतं? मालक कुलूप लावून गेला. ही नोंद वीज गेल्यावरही त्याच्या आत टिकते आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. नाहीतर चोराने बॅटरीची वायर काढून परत जोडली की काम झालं असतं. तुम्ही मायनस टेकवलात, डबा जागा झाला. बघतो तर बॉनेट उघडं, दार उघडं, मालकाने रिमोट दाबल्याचा पत्ता नाही. तो दुसरं काय करणार?

त्यात तुम्ही क्लॅम्प 'नुसता टेकवला'. तिथे वीज क्षणात दहादा येते-जाते. डब्याला ते कुणीतरी वायरींशी खेळतंय असंच वाटतं. क्लॅम्प एका झटक्यात पूर्ण बसवायचा, नंतर पाना.

उद्या उजेडात असं करा. चारही दारं आणि डिकी नीट लावा. किल्ली खिशात, इग्निशनमध्ये नाही. प्लस लावा, मग मायनस एकदम दाबून बसवा. वाजला तर वाजू द्या. बॉनेट टाकायच्या आधी रिमोटचं उघडायचं बटण एकदा नीट दाबा, सोडा, दोन सेकंद थांबा, परत दाबा. आपण घाबरून टकाटक दाबतो त्याने डबा अजून गोंधळतो.

नाहीच ऐकलं तर हुकमाचा एक्का. या अलार्मना एक छुपं बटण असतं. गाडी मेकॅनिककडे देताना अलार्म झोपवून ठेवायचं बटण, कारागीर त्याला व्हॅले स्विच म्हणतात. स्टिअरिंगखाली फ्यूजच्या डब्याजवळ, नाहीतर ग्लव्हबॉक्सच्या मागे, कधी पायाशी कार्पेटखाली. बसवणाऱ्याच्या हाताला जिथे सोपं पडलं तिथे. इग्निशन चालू करायचं आणि लगेच, साधारण दहा सेकंदांच्या आत, ते बटण दाबायचं. लाल दिवा लुकलुकायचा थांबून सलग पेटला की समजा झोपला.

आणि आधी सांगा, रिमोटमध्ये सेल कोणता?

---

मुक्काम_डोंबिवली | रात्री ११:५१

वायरमनकाका, तुमचे पाय कुठे आहेत? रिमोट उघडला. नाण्यासारखा नाही, बोटाच्या पेरापेक्षाही लहान नळकांडं आहे. त्यावर २३ए, १२ व्होल्ट असं लिहिलंय. रिमोटचा दिवा लागतो तसा, पण काजव्यासारखा.

आणि एक कबुली. चावी गावाला सोबत होती. भाच्याच्या हाती रिमोट लागला होता. दोन दिवस तो पडवीत बसून विमान उडवत होता.

---

जुना_वायरमन | गुरुवार, रात्री १२:०३

झालं! विमान उडवलं म्हणजे उत्तर सापडलं.

या रिमोटचा संकेत दर वेळी बदलतो. प्रत्येक दाबाला रिमोटमधला आकडा एकाने पुढे सरकतो. डबाही आकडा धरून असतो आणि पुढच्या काही आकड्यांपर्यंत निमूट मान्य करतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत ही सवलत १६ आकड्यांची आहे. भाच्याने शेकड्यांनी दाबलं असणार. रिमोट खूप पुढे गेला, डबा मागे राहिला. अशा वेळी डबा एका दाबाला दाद देत नाही. लागोपाठ दोन नीट संकेत मिळाले आणि ते एकापुढचे एक निघाले, की तो हिशेब जुळवून घेतो. म्हणून दोनदा दाबा म्हणालो. पण त्यासाठी संकेत पोचायला हवा, आणि तुमचा सेल भाच्याने संपवलाय. सकाळी घड्याळवाल्याकडे किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात २३ए मागा. दिसायला तसाच, पण २७ए बारीक असतो, तो घेऊ नका.

---

गोदाकाठची_मीरा | गुरुवार, सकाळी ७:२०

वायरमनकाकांच्या म्हणण्यात थोडी भर. कंपनीचाच अलार्म असेल तर प्रकार जरा वेगळा होतो. माझ्या गाडीची बॅटरी मागच्या वर्षी बदलली. कुलूप रिमोटने लावलं होतं आणि मी दार उघडलं किल्ली फिरवून, कारण रिमोटला बॅटरी कुठे होती? नवी बॅटरी जोडली आणि दिवे चमकायला लागले, हॉर्न पोंऽऽ पोंऽऽ. रिमोटने कुलूप लावलेलं दार किल्लीने उघडलं तर काही गाड्या त्यालाच घरफोडी समजतात!

मी काही शोधाशोध न करता किल्ली घालून इग्निशन चालू केलं आणि गाडी चूप. नंतर गाडीसोबतचं पुस्तक वाचलं तर त्यात हेच लिहिलेलं. पाच वर्षं ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत ग्लव्हबॉक्समध्ये पडून होतं, विम्याच्या जुन्या कागदांखाली.

---

निवृत्त_अभियंता | सकाळी ७:५५

मीराताईंच्या गाडीत इग्निशनने काम झालं, कारण कंपनीच्या किल्लीच्या मुठीत एक बारकी चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीची तारेची वेटोळी तिला ऊर्जा देते आणि तिच्याकडून ओळख वाचते. म्हणून रिमोटचा सेल पूर्ण मेला तरी गाडी सुरू होते. ओळख पटली की अलार्मचा राग शांत. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात आणि तो अलार्मपेक्षा वेगळा असतो. अलार्म बोंब मारतो, इमोबिलायझर इंजिन सुरू होऊ देत नाही. लोक दोन्ही एकच समजतात आणि मग गॅरेजमध्ये भलतीच तक्रार सांगतात.

बाहेरून बसवलेल्या अलार्मला मात्र किल्लीची ओळख बहुधा नसते. धागाकर्त्यांनी इग्निशन चालू केलं तरी तो वाजत राहिला तर आश्चर्य नको.

---

रंकाळ्यावरचा | सकाळी ८:३०

एवढं पुराण कशाला? आमचा मिस्त्री तर गाडी चालू ठेवून बॅटरीच काढतो. गाडी बंद पडली नाही म्हणजे अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर वीज बनवणारा) बरा. मग चालू गाडीतच दुसरी बॅटरी लावतो, म्हणजे अलार्म बिलार्म काही भानगडच नाही.

---

जुना_वायरमन | सकाळी ८:४१

तुमच्या मिस्त्रीला हात जोडून सांगा, हे बंद कर बाबा.

जुन्या जीपला, ॲम्बॅसेडरला हे खपून जायचं. चालत्या गाडीत बॅटरी म्हणजे धरणासारखी असते, अल्टरनेटरचा लोंढा ती पोटात घेते. ती अचानक काढली की १४ व्होल्टचे क्षणभरात कितीतरी पट होतात आणि तो झटका इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्युझिक सिस्टीमला, याच अलार्मच्या डब्याला बसतो. अल्टरनेटर तपासायला मीटर लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ दिसले की ठीक.

काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. मायनस म्हणजेच गाडीची सगळी बॉडी. तो जोडलेला असताना प्लसवरचा पाना चुकून पत्र्याला टेकला तर पाना लाल होतो. माझ्या एका पोऱ्याच्या हातातल्या घड्याळाचा पट्टा असाच चिकटला होता, अजून व्रण आहे त्याला.

---

श्टुटगार्टचा_सदा | सकाळी ११:१०

इथे जर्मनीत मजा अशी की युरोपच्या नियमानुसार अलार्म एका दमात २५ ते ३० सेकंदच वाजतो. काकू गॅलरीत येईपर्यंत संपतो. पण बऱ्याच गाड्यांच्या सायरनला पोटात स्वतःची बारकी बॅटरी असते, म्हणजे मुख्य बॅटरी काढली की तो उलट त्याच कारणाने ओरडतो. ती बॅटरी जुनी झाली की कधीही मध्यरात्री उगाच ओरडायची सवय लागते. माझ्या आधीच्या गाडीला होती. तेव्हा 'मायनस काढला तरी वाजतोय' असं कुणाचं झालं तर भूत समजू नका.

अवांतर : जुन्या गाडीत कंपनीचा रेडिओ असेल तर बॅटरी काढल्यावर तो चार आकडी कोड मागतो. कोडचं कार्ड आधी शोधून ठेवा. मी दीड महिना रेडिओशिवाय ऑफिसला गेलो.

---

मुक्काम_डोंबिवली | दुपारी १:२५

जिंकलो!! ऑफिसला अर्धा दिवस रजा टाकली.

नवा सेल ४० रुपयांना मिळाला. वायरमनकाकांच्या क्रमाने गेलो. सेक्रेटरी काकांना आधीच खाली बोलावून उभं केलं, म्हटलं साक्षीदार असू द्या. मायनस एका झटक्यात बसवला. भोंगा लागला. रिमोट दाबला, काही नाही. काळजात धस्स. दोन सेकंद मोजून परत दाबला तर टुक-टुक, आणि सगळं शांत! भाच्याचं विमान उतरलं.

सेल्फ एका दमात लागला. घड्याळ १२:०० दाखवतंय. ड्रायव्हरची काच एका दाबात वर जायची ती आता जात नाही, बोट दाबून धरावं लागतं. आणि स्टिअरिंगचं चित्र असलेला पिवळा दिवा लागलाय. हे काय नवीन?

---

निवृत्त_अभियंता | दुपारी १:५०

अभिनंदन. काच पूर्ण वर न्या आणि बटण वरच्या बाजूला चार-पाच सेकंद ओढून धरा. मोटरला शेवट कुठे आहे ते पुन्हा शिकवावं लागतं. काही गाड्यांत आधी पूर्ण खाली नेऊन मग हेच. स्टिअरिंगच्या दिव्यासाठी गाडी सुरू ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि सरळ रस्त्यावर थोडी चालवा. बहुतेक वेळा जातो. नाही गेला तर दाखवा, रेटू नका. पहिले एक-दोन दिवस सिग्नलला उभी असताना इंजिन थोडं थरथरेल, तेही आपोआप सावरतं.

---

मुक्काम_डोंबिवली | शुक्रवार, पहाटे ३:४०

मंडळी, झोपलेला नाही. ३:१० वाजता गाडी पुन्हा वाजली. लुंगीवर धावत खाली गेलो. आजूबाजूला कुणी नाही, मांजरसुद्धा नाही. रिमोटने बंद केली, कुलूप लावलं, वर आलो, १० मिनिटांत पुन्हा. आता कुलूप फक्त किल्लीने लावलंय, अलार्म न लावता. काकूंशी उद्या नजर कशी मिळवू?

---

खवचट_खान्देशी | सकाळी ६:३५

मोदक पुरणार नाहीत आता. पुरणपोळी.

---

जुना_वायरमन | सकाळी ६:५०

हे मी काल विचारायला हवं होतं, चूक माझी. अलार्म का वाजला ते आपण सोडवलं. बॅटरी का उतरली ते कुणी विचारलंच नाही.

११ दिवसांत चांगली बॅटरी उतरत नाही. बंद गाडी सुद्धा थोडी वीज खाते, घड्याळ, अलार्म, कुलपाचा डबा. ती ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. तुमची ३५ अँपिअर-तासाची बॅटरी धरली तर या हिशेबाने पूर्ण रिकामी व्हायला महिना लागेल. २०२०च्या लॉकडाउनमध्ये महिना-महिना उभ्या राहिलेल्या गाड्या उतरल्या त्या अशाच. ११ दिवसांत ठार झाली म्हणजे कुणीतरी चोरून खातंय.

सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी बॅटरीवर मीटर लावा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. किती येतात ते कळवा.

---

मुक्काम_डोंबिवली | सकाळी ७:३०

१२.१. परवा बॅटरीवाल्याने १२.६ दाखवून दिली होती. मीटर शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाचा आहे. गाडी सुरू झाली, आईला घेऊन निघतोय. परत आल्यावर सांगा काय करायचं.

---

कुडाळचो_बाबग्या | सकाळी ९:१५

आमच्याकडे पावसाळ्यात पहिला संशय बॉनेटखालच्या स्विचवर. अलार्मवाले तिथे एक दांडीचा स्विच बसवतात, बॉनेट उघडलं की कळावं म्हणून. ओल लागून गंजतो, दांडी अडकते आणि रात्री गारवा पडला की संपर्क सुटतो. माझा तसाच वाजत होता. फवारा मारून दांडी दहादा वर-खाली केली आणि थांबला. पण त्याने बॅटरी उतरत नाही, हे खरं.

दुसरं, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आहे काय बघा. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा टाकून धुवायची, पुसून कोरडी, वर व्हॅसलीन. आमच्या खाऱ्या हवेत दर तीन महिन्यांनी करावं लागतं.

---

गोदाकाठची_मीरा | सकाळी ९:४०

एक विचारू? रात्री बॅटरी उतरते आणि रात्रीच अलार्म वाजतो. ही दोन दुखणी वेगळी आहेत असं आपण का धरून चाललोय? एखादं दार किंवा डिकी नीट लागत नसेल तर आतला दिवाही चालू राहील आणि अलार्मलाही ते उघडं दिसेल ना?

---

जुना_वायरमन | सकाळी ९:५८

मीराताई, तुम्ही गॅरेज काढा.

हेच बघायला हवं. केबिनचा दिवा पेटलेला बाहेरून दिसतो, त्यामुळे दारं सुटली. डिकीचा दिवा मात्र डिकी बंद असताना कुणाला दिसणार? डोंबिवलीकर, फोनवर व्हिडिओ चालू करा, फोन डिकीत दिव्याकडे तोंड करून ठेवा, डिकी लावा, एक मिनिटाने उघडा आणि चित्रीकरण बघा. मीटरपेक्षा स्वस्त चाचणी आहे. डिकी लावायच्या आधी किल्ली हातात आहे ना, तेवढं बघा. हे मी अनुभवाने सांगतोय.

---

मुक्काम_डोंबिवली | दुपारी ३:१२

दिवा विझत नाही!!!

दोनदा चित्रीकरण केलं. पहिल्यांदा डिकी आपटल्यावर विझला, तीन-चार सेकंदांनी आपोआप पुन्हा पेटला. दुसऱ्यांदा विझलाच नाही. ११ दिवस माझ्या डिकीत दिवाळी चालू होती.

शेजारच्या मुलाने हौसेने मीटरही लावला. मायनस काढून वायर आणि टर्मिनलच्या मध्ये, १० अँपिअरच्या खाचेत. गाडी झोपायला वेळ लागतो म्हणून २० मिनिटं थांबलो. ०.४६ अँपिअर. डिकीचा दिवा काढला, ०.०४ झाले.

---

निवृत्त_अभियंता | दुपारी ३:३०

हिशेब तंतोतंत बसतो. डिकीतला दिवा ५ वॉटचा असतो. ५ भागिले १२ म्हणजे सुमारे ०.४२ अँपिअर, तुमच्या दोन आकड्यांतला फरक तेवढाच आहे. दिवसाला १० अँपिअर-तास, म्हणजे बॅटरी चौथ्याच दिवशी संपली असेल आणि उरलेला आठवडा ती रिकामी पडून होती. याचं वाईट वाटतं, कारण शिशाची बॅटरी रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तो पुरता निघत नाही. बॅटरीवाल्याकडून लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्या. नुसते व्होल्ट बघून फसाल.

---

जुना_वायरमन | दुपारी ३:४४

डिकीच्या कुलपातच बारका स्विच असतो. त्यात धूळ-तेल जाऊन अडकला असेल. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट साफ करायचा फवारा मिळतो तो मारा. ग्रीस किंवा खोबरेल नको, पुन्हा धूळ धरेल. स्क्रूड्रायव्हरने कुलपाची जीभ दाबून दहा-वीस वेळा उघडझाप करा. मग किल्लीने किंवा खटक्याने जीभ सोडवायला विसरू नका, तशीच ठेवून डिकी आपटली तर कुलूप वाकेल. तरीही तसंच राहिलं तर कुलूप बदला, तोवर दिवा काढून ठेवा. पण लक्षात घ्या, दिवा काढला की बॅटरी वाचते, अलार्मला डिकी उघडीच दिसत राहील. कुलूप लावताना तुमचा अलार्म नेहमीच्या एका टुकऐवजी तीन-चार टुक करतो का?

---

मुक्काम_डोंबिवली | दुपारी ३:५०

करतो! जून-जुलैपासून करतोय. मला वाटायचं तो वयाप्रमाणे बडबडा झालाय.

---

जुना_वायरमन | दुपारी ३:५२

तीन महिने बिचारा सांगत होता, डिकी उघडी आहे म्हणून.

---

रंकाळ्यावरचा | संध्याकाळी ६:०५

लई भारी धागा. वायरमनकाका, चार वर्षं झाली भोंगा कापून, पण आमची गाडी अधूनमधून सेल्फ घेत नाही. पाच मिनिटांनी घेते. मिस्त्री स्टार्टर बदलायचा म्हणतोय, साडेचार हजार सांगितलेत. तो रिले का काय म्हणालात, ते त्यातलंच असेल का?

---

जुना_वायरमन | संध्याकाळी ६:२०

असू शकतं. सेल्फ घेत नाही तेव्हा काचेजवळचा लाल दिवा बघा. भराभर लुकलुकत असेल तर स्टार्टरचे पैसे खिशात ठेवा आणि रिमोटने आधी बंद-उघड करून बघा. एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून अलार्म पूर्ण काढून घ्या आणि रिलेसाठी कापलेली स्टार्टरची वायर सोल्डरने जोडून घ्या. नुसती पिळून टेप मारलेली चालणार नाही. आणि विम्यात चोरीविरोधी यंत्राची सवलत घेत असाल, तर ती आता लागू नाही हे कंपनीला कळवा.

---

मुक्काम_डोंबिवली | रविवार, सकाळी १०:४०

शेवटचं कळवतो. फवाऱ्याने स्विच सुटला. दोन रात्री अलार्म लावून गाडी उभी आहे, आवाज नाही, एकच टुक. आज सकाळी बॅटरी १२.५. लोड टेस्टमध्ये बॅटरीवाला म्हणाला की हिवाळा काढेल, पुढचं बघू. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय, ऑपरेशनची घाई नाही म्हणाले.

काकूंकडे पुरणपोळ्या गेल्या. त्यांनी डबा रिकामा परत न करता लोणचं घालून दिलं, म्हणजे मिटलं असावं. सेक्रेटरी काकांनी काल हळूच विचारलं, त्यांची गाडी कुलूप लावताना चारदा टुक करते, ते चांगलं लक्षण आहे का. मीटर परत दिलेला नाही अजून.

---

वाचनमात्र_वैशाली | रविवार, रात्री ९:१५

वाखूसा (वाचनखूण साठवली). पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या गाडीची बॅटरीच डिकीत आहे आणि डिकी फक्त बटणाने उघडते. उद्या बॅटरी उतरली तर डिकी उघडायची कशी?

---

जुना_वायरमन | रात्री ९:३२

आधी रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी किल्ली शोधा, बहुतेकांना ती माहीतच नसते. तिने ड्रायव्हरचं दार उघडतं. मग बॉनेट उघडा. अशा गाड्यांना बॉनेटखाली बाहेरून वीज द्यायला लाल टोपीखाली प्लसचं टोक काढून ठेवलेलं असतं. तिथे दुसऱ्या गाडीचा प्लस, आणि मायनस इंजिनच्या उघड्या लोखंडाला. वीज आली की डिकी बटणाने उघडेल. अलार्म वाजेल, रिमोट हातात ठेवा. काही गाड्यांत मागची सीट पाडूनही आतून डिकीची दोरी सापडते. पण हे सगळं उद्या दिवसाउजेडी एकदा बघून ठेवा, पुस्तक ग्लव्हबॉक्समध्येच असेल.